कीचक ओळखणाऱ्या मुलुखाला कसली भीती?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती डिस्टोपियन, म्हणजे कल्पित जुलमी राज्याच्या, कादंबऱ्या पडू देऊ नयेत, असं आग्रहानं सांगणारं एक व्याख्यान मध्यंतरी सांगलीत ऐकलं. व्याख्याते निवृत्त मुख्याध्यापक, वाचनाची मनापासून आवड असलेले. सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’चा पहिला भाग त्यांनी स्वतः वाचला होता. ऐकीव माहितीवर ते बोलत नव्हते आणि सभागृहातले पालक माना डोलवत होते. म्हणूनच त्यांचं म्हणणं तसंच सोडून देता येत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ज्या गोष्टीत सरकार दरवर्षी मुलांना रिंगणात उतरवतं आणि शेवटचं एक मूल उरेपर्यंत त्यांना एकमेकांचा जीव घ्यायला लावतं, ती गोष्ट आपल्या मातीतली नाही. ती वाचून कोवळी मनं काळवंडतात. ज्यांना ती वाचताना मजा येते त्यांची तर जास्तच काळजी वाटते, कारण दुसऱ्याच्या मरणात मजा वाटणं हे लक्षण बरं नव्हे. आणि ज्यांच्यावर यातला कुठलाच परिणाम होत नाही ती मुलं निदान एवढं तरी शिकतात, की मोठी माणसं खोटं बोलतात आणि सरकार आपलं नसतं. बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या वयात हे शिक्षण कशाला, असा त्यांचा शेवटचा सवाल होता.

मी या कादंबऱ्यांच्या बाजूनं उभी आहे. कॉलिन्स माझी आवडती लेखिका. मार्च २०२५ मध्ये आलेलं तिचं ‘सनराइज ऑन द रीपिंग’ मी आणि पलूसला राहणारी माझी भाची, दोघींनी एकाच सुट्टीत वाचलं. ती अकरावीत आहे. आम्हाला ते पुस्तक अतोनात आवडलं. रात्री जागून वाचलं, फोनवर त्यावरून भांडलो, एका प्रसंगाला दोघीही रडलो. त्या आनंदाची मला लाज वाटत नाही आणि तिला ती वाटायला लावू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ‘आपल्या मातीतलं नाही’ हा आक्षेप घेऊ. कॉलिन्सनं स्वतः सांगितलं आहे, की तिच्या कथेचं बीज थीसियसच्या ग्रीक पुराणकथेत आहे. अथेन्सला आपली तरणी मुलं-मुली क्रीट बेटावर खंडणी म्हणून पाठवावी लागत आणि तिथल्या भुलभुलैयात ती मिनोटॉर नावाच्या राक्षसाच्या तोंडी जात. हे ऐकल्यावर मराठी घरातल्या मुलाला पहिलं काय आठवतं? बकासुर. एकचक्रा नगरीत पाळी लावलेली, आज या घराची, उद्या त्या घराची. गाडाभर अन्न न्यायचं आणि ते नेणाऱ्यानंही परत यायचं नाही. ब्राह्मणाच्या घरावर पाळी येते तेव्हा बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते, आणि बोबडं बोलणारं सर्वांत धाकटं पोर हातात काडी घेऊन म्हणतं, मीच त्याला मारतो. मग कुंती दुसऱ्याच्या घरावरची पाळी स्वतःच्या मुलाच्या अंगावर घेते. ‘हंगर गेम्स’ची नायिका कॅटनिस एव्हरडीन बारा वर्षांच्या बहिणीला मागे सारून तिच्या जागी पुढे होते तो प्रसंग आणि हा प्रसंग यांत परकं काय आहे? बकासुराची गोष्ट आपण सहा वर्षांच्या मुलाला घास भरवताना सांगतो. अभिमन्यू तर सोळा वर्षांचा, आणि त्याला घेरून मारणारे त्याचे काका, त्याचे गुरुजन. ती गोष्ट ऐकून मुलं बिघडली, अशी तक्रार घेऊन कुठलाही पालक आजवर शाळेत आलेला नाही.

पुराणकथा निराळी आणि सत्तेवर बोट ठेवणारी आजची कादंबरी निराळी, असं कुणी म्हणेल. तर त्याचं उत्तर सांगलीतच जन्माला आलं आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. पण प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता, सैरंध्रीत विटंबना सोसणारा देश दिसत होता, सबुरीचा सल्ला देणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसत होते. नाटकात इंग्रजांचं नावही नाही. तरी १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. कल्पित राज्यातला जुलूम दाखवून समोरच्या राज्यातला जुलूम ओळखायला लावायचा, हा या प्रकारच्या लेखनाचा गाभा. तो आपल्याकडे ‘हंगर गेम्स’मधल्या पॅनेम देशाची कल्पना कुणाला सुचण्याच्या शंभर वर्षं आधी तिकीट लावून दाखवला जात होता, आणि तो बघायला घरची पोरंसोरंही जात होती. वाई म्हणजेच विराटनगरी, अशी वाईकडची जुनी समजूत आहे. म्हणजे कीचक आमच्याच कृष्णाकाठचा. त्याला ओळखायला आम्हाला अमेरिकेतून कुणी शिकवायला नको. मात्र अमेरिकेतल्या एका लेखिकेनं तो पुन्हा नीट दाखवला, तर तो आमच्या मुलांनी बघू नये हेही नको.

आता काळवंडण्याबद्दल. हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात आपल्या मुलांच्या आयुष्याबद्दल एक सोयीची समजूत दडलेली आहे. जणू ती उजेडात वाढत आहेत आणि पुस्तकच तेवढं बाहेरून अंधार घेऊन येतं.

माझ्या भाचीचं उदाहरण घेते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती प्राथमिक शाळेत होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या आठवड्यात कृष्णा ५७ फुटांवर गेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्याच ब्रह्मनाळमध्ये सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. इकडे शहरात १८६९ पासूनच्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली. आणि त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्याच्या जत तालुक्यात प्यायचं पाणी टँकरनं पोचवावं लागत होतं. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर एका बाजूला बोटींची मागणी आणि दुसऱ्या बाजूला टँकरची. त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तेव्हाची छायाचित्रं आठवा. पाण्याच्या ठिकाणी गर्दी आणि मारामारी होऊ नये म्हणून लातुरात जमावबंदी लागू करावी लागली होती. घागर घेऊन पाच माणसांनी एकत्र यायचं नाही, असा हुकूम. हे वाक्य एखाद्या कादंबरीत आलं असतं, तर सरांनी ते अतिरंजित ठरवलं असतं.

आणि मुलींचं काय सांगावं? लोइस लोवरीची ‘द गिव्हर’ ही १९९३ ची कादंबरी या साऱ्या परंपरेतलं एक शांत, सोज्वळ दिसणारं पुस्तक आहे. त्यातल्या वसाहतीत दुःख नाही, भांडण नाही, उपासमार नाही. बारा वर्षांच्या जोनसचे वडील नवजात बाळांची निगा राखतात, प्रेमळ आहेत, खेळकर आहेत. एके दिवशी जोनस त्यांच्या कामाचं चित्रीकरण पाहतो. जुळी मुलं जन्मली आहेत. वडील दोघांना तोलून पाहतात. जे वजनाला कमी भरतं त्याच्या कपाळाच्या शिरेत ते सुई खुपसतात, त्याच्याशी लाडानं बोलत बोलत. मग ते एवढंसं शरीर खोक्यात घालतात आणि खोकं कचऱ्याच्या वाटेनं सोडून देतात. वसाहतीत या गोष्टीसाठी एक गोंडस नाव आहे, आणि ते नाव वापरणाऱ्या कुणालाही त्यात गैर वाटत नाही.

आता आपल्याकडे बघू. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेला म्हणून ते उघडकीला आलं. त्याच्या साडेपाच वर्षं आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला होता. जिल्हा परिषदेनं पुढाकार घेऊन दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं: नकोशी. रेशनकार्डावर नकोशी, शाळेच्या हजेरीपटावर नकोशी. बाईंनी रोज सकाळी वर्गात ‘नकोशी’ म्हणून हाक मारायची आणि त्या मुलीनं उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. यांतल्या काही मुली तेव्हा शाळेत होत्या, आज संसारात असतील. त्यांना ‘द गिव्हर’ वाचून मनावर परिणाम होईल अशी भीती दाखवायची? त्या मुलींनी ते पुस्तक वाचलं असतं, तर आपल्या बाबतीत काय घडलं ते कुणीतरी जगाला मोठ्यानं सांगितलं, एवढं तरी त्यांना वाटलं असतं. मुलं काळवंडतात ती प्रसंगानं आणि त्यावरच्या घरच्या चिडीचूप शांततेनं. पुस्तक ती शांतता मोडतं.

सरांचा तिसरा मुद्दा आनंदाचा, आणि त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे. कारण ‘मजा येते’ असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा तिला नेमकं काय मिळत असतं, हे न विचारताच आपण तिच्यावर ठपका ठेवतो.

‘हंगर गेम्स’मधला एक नियम पाहा. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी रिंगणात कोण उतरणार हे ठरवणाऱ्या सोडतीत पडते, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. हे सर्वांना सारखं. पण घरात उपासमार असेल तर मुलाला आणखी चिठ्ठ्या टाकायची मुभा आहे. एका जादा चिठ्ठीमागे एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल. घरात चार माणसं तर चार चिठ्ठ्या. पुढच्या वर्षी त्या पुसल्या जात नाहीत, आधीच्यांवर नव्या चढतात. म्हणून सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या २० चिठ्ठ्या आहेत आणि तिच्या मित्राच्या, अठरा वर्षांच्या गेलच्या ४२. महापौरांच्या मुलीला जादा चिठ्ठी टाकायची कधी वेळच आलेली नाही. सोडत कागदोपत्री सर्वांना सारखी, आणि मरण मात्र गरिबाच्या घराकडे झुकलेलं.

भाचीनं हे पान वाचून मला फोन केला. “मावशी, ही तर उचल आहे,” म्हणाली. तिच्या गावाच्या आसपास दर हंगामाला बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, नवरा-बायकोनं मिळून हंगामभर कोयता चालवून ती फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. टोळीबरोबर आलेली पोरं फडाच्या कडेला पाचटात खेळताना तिनं लहानपणापासून बघितली आहेत. कधी तिच्याच वयाची एखादी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढे गोळा करताना. ती मुलगी शाळेत का नाही, हा प्रश्न तिला पडला होता. पण त्यामागे एक हिशेब आहे, तो कुणीतरी बसून आखलेला आहे आणि वरवर पाहता त्यात बळजबरी कुठेच दिसत नाही, हे तिला एका अमेरिकी कादंबरीतल्या चिठ्ठ्यांनी दाखवलं. फोनवरच्या तिच्या आवाजात उत्साह होता. मी त्याला आनंदच म्हणेन. डोक्यात काहीतरी लखकन उजळल्याचा आनंद. गणित सुटल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर तो दिसतो तेव्हा हेच सर त्याची पाठ थोपटत असतील.

‘सनराइज’मधला तो प्रसंगही असाच. कथानायक हेमिचचा सोळावा वाढदिवस आणि सोडतीचा दिवस एकच. पन्नासावं वर्ष म्हणून यंदा दुप्पट मुलं, ४८. ज्याचं नाव निघतं तो एक मुलगा पळू पाहतो आणि तिथल्या तिथे गोळी लागून पडतो. आता एक जागा कमी. त्या मुलाची आई त्याला सोडत नाही, हेमिचची मैत्रीण तिच्या मदतीला धावते, शिपाई मैत्रिणीवर उठतात, हेमिच मध्ये पडतो. मग चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, यालाच धरा. आणि त्यानंतर चित्रीकरण करणारे लोक सगळा देखावा पुन्हा मांडतात. जणू काही झालंच नाही, जणू चिठ्ठी हेमिचचीच निघाली. हेमिचच्या आईला त्याचा निरोप घ्यायचा आहे, तर त्या रडण्याचंही कॅमेऱ्यासाठी काय करता येईल याची बोलणी होतात. देशभर तेच दिसतं आणि तेच इतिहास होतं. आधीच्या तीन पुस्तकांत हेमिचबद्दल आपण जे ऐकलं होतं ते त्या रचलेल्या चित्रफितीवरून ऐकलं होतं, हे ध्यानात येतं आणि वाचणाराच चपापतो. इथे आम्ही दोघी रडलो. कॉलिन्सचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला गेले होते, लष्करी इतिहास शिकवत. युद्ध कसं दाखवलं जातं आणि कसं असतं, यातलं अंतर तिनं घरात बघितलं आहे. रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शोमधली तरुण पोरं आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, त्यातून ही मालिका सुचली, असं ती सांगते. हातातल्या फोनवर दिवसरात्र चित्रफिती बघणाऱ्या पिढीला याहून उपयोगाचं दुसरं काय वाचायला द्यायचं, हे सरांनी मला सांगावं.

मरणाची मजा वाटते, हा आरोप तर पुस्तकच खोडून काढतं. मुलांच्या मरणावर पैजा लावणारे, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक त्यात आहेत, आणि वाचकाला त्यांची किळस येईल अशीच सगळी रचना आहे. बारा वर्षांची रू शेतमजुरांच्या अकराव्या जिल्ह्यातली आहे. तिच्याकडे पिकवणाऱ्यानंच पिकातलं काही तोंडात टाकलं तर चाबकाचे फटके बसतात. ती मरते तेव्हा कॅटनिस तिच्याभोवती फुलं रचते, म्हणजे कॅमेऱ्याला ते मरण नुसता आकडा म्हणून दाखवता येणार नाही. आणि मग रूच्या जिल्ह्यातली भुकेली माणसं पैसा जमवून परक्या जिल्ह्यातल्या या मुलीला पाव पाठवतात. त्या पावाजवळ थांबून हुंदका न येणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. यात क्रौर्याची गोडी शोधणं म्हणजे पुस्तक वाचूनही न वाचणं.

एका गोष्टीत मात्र सरांच्या काळजीला आधार आहे आणि ते मान्य करायला हवं. बाजार या पुस्तकांनाही सोडत नाही. २०१३ मध्ये या मालिकेतला दुसरा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत पॅनेमची राजधानी कॅपिटॉल हिच्या नावानं सौंदर्यप्रसाधनं विकली गेली. म्हणजे ज्या चैनखोर शहराची चीड यावी म्हणून लेखिकेनं जीव ओतला, त्याच शहराचा रंग मुलींनी गालाला लावायचा. कॉलिन्सच्या यशानंतर तिची नक्कल करणाऱ्या कादंबऱ्यांचं पेवही फुटलं. त्यांतल्या कितीतरींमध्ये जुलमी राज्य म्हणजे नुसता मागचा पडदा आणि पुढे प्रेमाचा त्रिकोण. अशी पुस्तकं मीही भाचीला सुचवत नाही. पण कीर्तनाच्या नावाखाली कुणी फड रंगवला म्हणून आपण कीर्तन सोडलं नाही. निवड करायला शिकवावं, आणि निवड शिकवायची तर आधी पुस्तक हातात द्यावं लागतं.

राहिला शेवटचा मुद्दा. मुलं उद्धट होतात, सरकार आपलं नसतं असं शिकतात. सर, हे तुम्ही सांगलीत बोललात!

९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला झाला. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यातच होता. पुढच्या वर्षी या मुलुखातल्या पोरांनी, ‘हे सरकार आमचं नाही’ एवढंच म्हणून न थांबता, आपलं प्रतिसरकार उभं केलं. क्रांतिसिंह नाना पाटील त्यांच्यात वडीलधारे, चाळिशी ओलांडलेले. बाकीच्यांची वयं बघा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला तेव्हा जी. डी. बापू लाड वीस वर्षांचे होते. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडे चिमठाण्याला खजिना लुटला तेव्हा वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी एकवीस वर्षांचे. सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पंचविशीतले. शेणोलीच्या कारवाईला पुढे कुणी ‘लूट’ म्हटलं की प्रतिसरकारच्या तूफान सेनेचे कॅप्टन भाऊ नव्वदी ओलांडल्यावरही दुरुस्ती करत: पैसा इंग्रजांनी लोकांकडून चोरलेला होता, तो आम्ही परत आणला. एखाद्या घटनेची गोष्ट कोण सांगतं आणि कशी सांगतं यावर सगळं ठरतं, हे ‘सनराइज’चं सूत्र त्यांना कुणाकडून शिकावं लागलं नव्हतं.

आणि नाना पाटलांची मुलगी हौसाताई. सतरा वर्षांची पोर. पोलीस ठाण्यासमोर दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग तिनं वठवलं. ‘नवरा’ साथीदारच. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातल्या बंदुका उचलल्या. सोंग खरं वाटावं म्हणून त्या साथीदारानं इतकं जोरात मारलं, की त्याबद्दलची किंचित तक्रार हौसाताईंच्या बोलण्यात सात दशकांनंतरही उरली होती. २०२१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. हा प्रसंग जसाच्या तसा कॉलिन्सच्या पुस्तकात घातला, तर मुलींना वाईट वळण लावणारा म्हणून सर त्यावर बोट ठेवतील. तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे, म्हणून आपण त्याला हार घालतो.

शिवाय हे प्रतिसरकार म्हणजे नुसती धुमश्चक्री नव्हती. गावोगाव न्यायनिवाडे होत होते, सावकारी आणि दारूला आळा बसत होता, हुंडा आणि बडेजाव टाळून साधी लग्नं लागत होती. मोडायचं काय आणि त्या जागी उभारायचं काय, हे दोन्ही त्या पोरांना कळत होतं. चांगली डिस्टोपियन कादंबरी वाचकाला शेवटी याच प्रश्नापाशी आणते. ‘मॉकिंगजे’ या मालिकेतल्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस बंडखोरांची अध्यक्षही जुन्या राज्यकर्त्यांसारखीच वागू लागते, आता कॅपिटॉलच्या मुलांचा खेळ मांडू म्हणते, तेव्हा कॅटनिसचा बाण कुणाकडे वळतो ते सरांनी वाचलेलं नाही, कारण ते पहिल्या भागावर थांबले. सत्ताधाऱ्याला प्रश्न विचारायचा आणि उद्या आपला माणूस सत्तेवर आला तर त्यालाही विचारायचा, हा धडा उद्धटपणाचा आहे का? लष्करी सत्तेला मात्र तो फार झोंबतो. थायलंडमध्ये २०१४ च्या उठावानंतर लोक या कादंबरीतली तीन बोटांची सलामी देऊ लागले. नोव्हेंबरात खोन केन शहरात पाच विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांसमोर ती दिली आणि त्यांना पकडून नेलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवर तीच बोटं वर झाली. तिथल्या राज्यकर्त्यांना या पुस्तकाची जी भीती वाटते ती आपल्या शिक्षकांना वाटू नये.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही. पाचशे पानांचं इंग्रजी पुस्तक आवडीनं संपवणाऱ्या मुलीच्या अभ्यासाची काळजी मला नाही.

काळजी आहे ती वेगळीच. ही पुस्तकं आमची मुलं इंग्रजीत वाचतात, कारण त्यांच्या वयासाठी मराठीत असं फारसं काही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला की पुढे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ १९८६ मध्ये लिहून बुद्धिमान यंत्राचा आणि माणसाच्या हव्यासाचा विषय किशोरांना पेलेल अशा मराठीत आणला होता. ती वाट पुढे रुंद झाली नाही. आणि सामग्री तर पावलोपावली पडली आहे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ १९५९ चा. जातच गुन्हेगार ठरवून माणसांची हजेरी घेणारं राज्य, दुष्काळ, आणि उपाशी माणसांसाठी खजिना फोडणारा तरुण. त्या राज्याला कल्पित म्हणायची सोय नाही, कारण जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ मध्ये खरोखर झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. ‘फकिरा’ वाचलेल्या नव्या लेखकानं जतच्या टँकरमागे धावणारी मुलगी पन्नास वर्षं पुढे नेऊन पाहावी. धरणाच्या भिंतीच्या एका बाजूला कुणाला राहता येईल आणि दुसऱ्या बाजूला कुणाला, हे कोण ठरवतंय ते लिहावं. महाबळेश्वरजवळच्या भिलारला मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली. तिथे स्ट्रॉबेरी खात खात ती कादंबरी वाचणारी पोरं मला बघायची आहेत.

व्याख्यानानंतर एका पालकानं विचारलं होतं, मग मुलांना द्यायचं तरी काय? सरांनी चरित्रं सुचवली: कर्मवीर अण्णा, सावित्रीबाई, क्रांतिसिंह. उत्तम सुचवली, मीही तीच देते. फक्त क्रांतिसिंहांचं चरित्र मन लावून वाचलेली मुलगी पॅनेममध्ये कुणाच्या बाजूनं उभी राहील, याचा सरांनी विचार करावा. माझ्या भाचीच्या खोलीत हौसाताईंवरच्या लेखाची कात्रणं आणि कॉलिन्सची पाच पुस्तकं एकाच फळीवर आहेत. त्यातली पुस्तकं खाली उतरवावीत असं सरांना अजूनही वाटत असेल, तर कात्रणं का ठेवायची तेही त्यांनी तिला समजावून सांगावं.